सॉकर खेळताना डोक्याला मार बसला तर

रेडमंडमधल्या मराठी आईबाबांनो, मुलीच्या मॅचना मी मैदानाच्या कडेलाच असते, म्हणून कळकळीने सांगते. डोकं आपटल्यावर पोर शुद्धीवर आहे, बोलतंय, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. कन्कशनमध्ये, म्हणजे मार बसून मेंदूला हादरा बसतो तेव्हा, बहुतेकदा शुद्ध हरपतच नाही. गरगरणं, मळमळ, उजेड न सोसणं, तेच तेच विचारणं दिसलं की खेळ तिथेच बंद.

२००६ मध्ये १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेड मार बसूनही पुन्हा खेळला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. त्याच्या नावाच्या, वॉशिंग्टन राज्याच्या २००९ च्या कायद्यानुसार नुसता संशय आला तरी १८ वर्षांखालच्या खेळाडूला बाहेर काढावंच लागतं. परवानाधारक आरोग्य तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवता येत नाही. कोच घाई करू लागला तर ठामपणे हेच सांगा.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, उठवूनही जाग न येणं: लगेच ९११.