सेसना १५०: इंजिन तापलं की उजव्या मॅग्नेटोचा ड्रॉप वाढतो

जुनं सेसना १५०, दोन आसनी छोटं विमान, ओ-२०० इंजिन. प्लगना ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो; एकावरच चालवल्यावर जितके फेरे घटतात तो ड्रॉप. सकाळी गार असताना १७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) उजव्या मॅग्नेटोचा ड्रॉप ८०. नाशिकच्या एप्रिलात दुपारी उतरल्यावर तोच २५०, वर इंजिन खडखडतं. मर्यादा १५०, दोन्ही मॅग्नेटोंतला फरक जास्तीत जास्त ७५. प्लग साफ केले, गॅप लावला, हार्नेस (प्लगच्या वायरी) तपासली, जैसे थे. डोकं उठलं नुसतं.

दोषी निघाला मॅग्नेटोतला कंडेन्सर (कपॅसिटर). गार असताना मीटरवर ठणठणीत, हेअर ड्रायरने तापवला की गळती. पॉइंट्सही (मॅग्नेटोतला प्रवाह तोडणारे संपर्क) जळून निळसर.

आधी सगळ्या सिलिंडरांचे वरचे प्लग काढा, मगच पी-लीड (मॅग्नेटो बंद करणारी, स्विचकडे जाणारी वायर) सोडा. ती सुटली की मॅग्नेटो जिवंत; कॉम्प्रेशन असेल तर पंखा हाताने हलवूनही इंजिन उचल खातं. कंडेन्सर आणि पॉइंट्स जोडीनेच बदला, नाहीतर नवे पॉइंट्सही जळतात. मॅग्नेटोचं आतलं टायमिंग आधी, इंजिनाशी नंतर, डेटा प्लेटवरच्या अंशांवर. टायमिंगची खूण नेहमी पंखा सरळ दिशेने फिरवतच गाठा, गिअरची ढिलाई निघते. पी-लीड जोडा, मग प्लग नव्या तांब्याच्या वॉशरसह ३०० ते ३६० इंच-पाउंडवर कसा. आयडलवर स्विच क्षणभर ऑफ करून बघा: इंजिन बंद पडू लागलं पाहिजे.

तापलेल्या इंजिनावर ड्रॉप आता ९०. लॉगबुकात परवानाधारक इंजिनिअरची सही झाल्याशिवाय उडू नका.