हातवाऱ्यांनी खेळायचे व्हिडिओ गेम नवख्या माणसाला कसे शिकवावेत

ज्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही अशा माणसांच्या हातात रिमोट देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. या विषयावर सर्रास मिळणारे सल्ले मुरलेल्या खेळाडूंनी मुरलेल्या खेळाडूंसाठीच दिलेले असतात, असे माझे मत झाले आहे. कोणते यंत्र सर्वांत अचूक, कोणत्या खेळाची चित्रे सर्वांत देखणी, याची उत्तरे हवी तितकी सापडतात. सात वर्षांची नात आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा एकाच खेळात तासभर रमावेत यासाठी काय करावे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

साध्या कंट्रोलरवर दहा-बारा बटणे आणि दोन दांड्या असतात. कोणते बटण दाबल्यावर खेळातला माणूस उडी मारील, हे आधी पाठ करावे लागते आणि ज्याने ते लहानपणीच पाठ केलेले नाही तो पहिल्या मिनिटातच कंटाळून उठतो. चेंडू घरंगळत सोडणे किंवा रॅकेट फिरवणे मात्र कोणालाही नव्याने शिकावे लागत नाही. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलेल्या निन्टेंडोच्या वी या यंत्राने हे नेमके हेरले. स्पर्धेतल्या इतर यंत्रांपेक्षा त्याची चित्रे साधी असूनही त्याची 10 कोटींहून अधिक विक्री झाली. तेव्हा पुढच्या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच आहे: नवख्या माणसाने केलेली पहिली हालचाल यंत्राने ओळखली पाहिजे. ती ओळखली गेली नाही, तर तो माणूस यंत्राला दोष न देता स्वतःला देतो आणि पुन्हा रिमोटला हात लावत नाही.

पायरी पहिली: यंत्र

जे घरात असेल ते चालेल, फक्त ते हालचाल कशी ओळखते हे ठाऊक असावे. वीच्या रिमोटच्या पोटात प्रवेग, म्हणजे वेगातला बदल, मोजणारी चिप असते आणि त्याच्या तोंडाशी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण पाहणारा छोटा कॅमेरा असतो. निन्टेंडो स्विच या यंत्राच्या जॉय-कॉन नावाच्या रिमोटमध्ये प्रवेगमापक आणि फिरणे मोजणारा जायरोस्कोप असतात, पण नेम धरण्यासाठी वीसारखी टीव्हीजवळ ठेवायची पट्टी नसते. 2010 मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन मूव्ह या रिमोटच्या टोकाला उजळणारा गोळा असतो. कॅमेरा त्याला पाहतो आणि तो किती मोठा दिसतो यावरून अंतर काढतो. त्याच वर्षीच्या, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सला जोडायच्या किनेक्टमध्ये हातात काहीच धरायचे नसते. ते खोलीभर अवरक्त ठिपके पसरते आणि त्यांवरून शरीराचा प्रत्येक भाग किती अंतरावर आहे ते मोजते. वयस्कर नवख्यांसाठी मी हातात काहीतरी धरायला देणारे यंत्र पसंत करतो. रिकाम्या हाताने हवेत चेंडू फेकताना मोठ्या माणसांना संकोच वाटतो, शिवाय किनेक्टचे बरेचसे खेळ खेळाडू उभाच राहणार असे गृहीत धरून केलेले आहेत.

पायरी दुसरी: जागा

हात पूर्ण ताणून स्वतःभोवती एक फेरी मारावी. ज्या वस्तूला हात लागेल ती हलवावी. किनेक्टला एका खेळाडूसाठी सुमारे 1.8 मीटर आणि दोघांसाठी सुमारे 2.4 मीटर अंतर लागते.

पायरी तिसरी: टीव्ही

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू करावा. चित्र अधिक गुळगुळीत करण्याच्या नादात आजचे टीव्ही प्रत्येक चित्र क्षणभर अडवून ठेवतात. चित्रपट पाहताना ते जाणवत नाही, पण टेनिसमध्ये रॅकेट वेळेवर फिरवूनही चेंडू निसटतो. 'तुमची वेळ चुकते आहे' असे समोरच्याला सांगण्याआधी हे एकदा तपासावे.

पायरी चौथी: पहिली पाच मिनिटे

बाकी सगळे जमूनही मी वर्षभर इथेच चुकत होतो. वी घेतल्यानंतर पहिल्यांदा ते माझ्या आत्याला दाखवले, तेव्हा संध्याकाळची वेळ होती आणि टीव्हीशेजारच्या खिडकीतून तिरपे ऊन आत येत होते. पडद्यावरचा हात सारखा उड्या मारू लागला. आत्याने दोन-तीनदा प्रयत्न करून रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "माझे हात थरथरतात रे आता." मी तिला रिमोट घट्ट धरायला सांगितले, दोन्ही हातांनी धरायला सांगितले, अजून काय काय सांगितले. तिच्या हातांत काहीही दोष नव्हता. पुढे कितीतरी दिवसांनी एका ढगाळ दुपारी तोच खेळ सुरळीत चालला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याचे कारण असे. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणतात, पण ती काहीच ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त दिव्यांचे दोन पुंजके असतात, इतकेच. पाहण्याचे काम रिमोट करतो. त्याला दिसणारे दोन ठिपके कुठे आहेत, त्यांच्यात किती अंतर आहे आणि ते किती कलले आहेत, यावरून तो आपला नेम काढतो. म्हणूनच पट्टीच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवूनही वी चालते. आता सूर्य, जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा, हॅलोजन किंवा आरशातले त्यांचे प्रतिबिंब, या सगळ्यांतून अवरक्त किरण येतात आणि रिमोटला दोनाऐवजी चार ठिपके दिसले की तो गोंधळतो. तपासण्याची रीत सोपी आहे. वीच्या सेटिंगमध्ये सेन्सर बारच्या संवेदनशीलतेचा पडदा उघडावा. रिमोटला जे दिसते ते तिथे पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. ठिपके दोनच असले पाहिजेत. तिसरा दिसला तर संवेदनशीलतेचे आकडे वर-खाली करत बसू नये. उठावे आणि खिडकीचा पडदा ओढावा. किनेक्टलाही थेट ऊन सोसत नाही, तेव्हा हा नियम त्यालाही लागू आहे.

जॉय-कॉनची अडचण वेगळी आहे. जायरोस्कोप कोन मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजतो. त्या वेगाची क्षणाक्षणाला बेरीज करून कोन काढला जातो, त्यामुळे बेरजेतली बारीकशी चूकही साचत जाते. वर-खालच्या झुकावातली चूक गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने सुधारता येते, पण डावी-उजवीकडची सुधारायला यंत्राकडे असा आधार नसतो आणि नेम हळूहळू एका बाजूला सरकत जातो. सेटिंगमधले मोशन कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राला शून्य कुठे ते पुन्हा शिकवणे, यासाठीच असते. ते करताना जॉय-कॉन सपाट टेबलावर ठेवावा आणि हात पूर्ण काढून घ्यावा. मांडीवर, गादीवर किंवा हातात 'स्थिर' धरून केलेले कॅलिब्रेशन न केल्याहून वाईट, कारण त्यात आपलाच कंप यंत्र शून्य म्हणून लक्षात ठेवते. हे सगळे नवखा माणूस खोलीत येण्यापूर्वी उरकावे. त्याच्यासमोर सेटिंग उघडून बसलो की 'हे प्रकरण अवघड आहे' अशी त्याची समजूत तिथेच पक्की होते.

आता खेळ निवडावा. पहिला खेळ बोलिंगच (क्रिकेटमधली गोलंदाजी नव्हे, तर चेंडू घरंगळत सोडून समोरच्या खुंट्या पाडण्याचा खेळ) असावा, याबाबत माझे मत ठाम आहे. टेनिसमध्ये चेंडू आपल्यासाठी थांबत नाही आणि बॉक्सिंगमध्ये दुसऱ्याच मिनिटाला धाप लागते. बोलिंगमध्ये पाहिजे तितका वेळ घेता येतो. वी स्पोर्ट्स या वीवरच्या खेळसंग्रहात तर एकच रिमोट आळीपाळीने फिरवून चार जण खेळू शकतात, त्यामुळे नवखा माणूस आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याला पाहूनच बरेच शिकतो. पहिला चेंडू आपण टाकावा, दुसरा लहान मुलाला टाकू द्यावा आणि तिसऱ्या खेपेला रिमोट नवख्याकडे द्यावा.

देताना मनगटातली दोरी घालून ती आवळावी. ही नुसती औपचारिकता नाही. बोलिंगमध्ये मागचे बी बटण दाबून हात मागे न्यायचा असतो आणि हात पुढे येताना ते सोडायचे असते. खऱ्या चेंडूची सवय असलेले हात बटणासोबत रिमोटही सोडतात. वी आल्यानंतर पहिल्याच महिन्यात इतक्या दोऱ्या तुटल्या, की 2006 च्या डिसेंबरमध्ये कंपनीला सुमारे 32 लाख दोऱ्या बदलून देण्याची घोषणा करावी लागली. तेव्हा आजोबांच्या हातून रिमोट सुटला तर त्यांना हसू नये.

बटणे समजावू नयेत. "हे धरून ठेवा, आणि चेंडू सोडावासा वाटेल तेव्हा बोट उचला," एवढे एकच वाक्य पुरते. मी पूर्वी ए बटण, दिशांचे बटण, चेंडूला फिरकी कशी द्यायची, उभे राहायची जागा कशी सरकवायची, सगळे क्रमाने सांगत असे. ऐकणाऱ्याची नजर दुसऱ्याच वाक्याला विझत असे. फिरकी तिसऱ्या दिवशीही शिकवता येते. पहिल्या वेळी बोट बहुधा चुकीच्या क्षणी उठते, आणि हात मागे असतानाच उठले तर चेंडू मागच्या बाजूला पडून तिथले प्रेक्षक दचकतात. खोलीत हशा पिकतो आणि टाकणाराही हसतो. या चुकीनंतर दुसरा चेंडू बहुतेक वेळा नीट जातो, म्हणून ती होऊ द्यावी.

सर्वांत वाईट सल्ला म्हणजे, "एवढा हात कशाला फिरवता, नुसते मनगट झटकले तरी चालते." हे खरे आहे आणि म्हणूनच ते सांगू नये. रिमोटला खांदा दिसत नाही, त्याला स्वतःला बसलेला झटका तेवढा कळतो. टेनिस तर सोफ्यावर लोळून मनगटाने जिंकता येते. पण पाऊल पुढे टाकून, गुडघा वाकवून, अख्खा हात झुलवून चेंडू सोडणाऱ्या माणसाला जी मजा येते ती मनगट झटकणाऱ्याला येत नाही, आणि पाहणाऱ्यांनाही त्या झुलण्यातच मजा वाटते. घरातला जाणता मुलगा ही युक्ती फोडायला टपलेलाच असतो. त्याला आधीच बाजूला घेऊन बजावून ठेवावे. त्याने दुसऱ्याच्या हातातला रिमोट ओढून 'असे करायचे' म्हणून दाखवणे, हेही पहिल्या दिवशी पूर्ण बंद असावे.

ज्याला उभे राहणे जमत नाही त्याला बिनहातांच्या खुर्चीत बसवावे. रिमोटला त्याने काही फरक पडत नाही. डावखुऱ्या माणसासाठी खेळ सुरू होण्याआधीच हात बदलून घ्यावा.

पायरी पाचवी: पुढचे खेळ

बोलिंगनंतर गोल्फ, मग टेनिस. नाचाचे खेळ सर्वांत शेवटी काढावेत, आणि तेही एकट्याला पुढे न ढकलता तिघा-चौघांनी मिळून.

पायरी सहावी: थांबणे

रिमोट हलका असल्यामुळे खांद्यावर किती ताण पडतो हे खेळताना कळत नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. 2007 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पत्र छापून आले होते. त्यातला रुग्ण 29 वर्षांचा धडधाकट डॉक्टर होता आणि कित्येक तास वीवर टेनिस खेळल्यामुळे त्याचा खांदा दुखावला होता. पहिल्या दिवशी वयस्कर माणसांसाठी अर्धा तास पुरे. 'अजून एक डाव' अशी मागणी आली तरी रिमोट काढून घ्यावा. तेच लोक दुसऱ्या दिवशी आपणहून विचारतात.

वीचा रिमोट महिनाभर बाजूला पडणार असेल, तर त्यातल्या दोन्ही बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. माझे दोन रिमोट बॅटऱ्या आत गळून गेले आहेत.