बोस्टनचा चहा पोरांना कसा समजवायचा

लालबागला शिकवणी घेते. अमेरिकेचा धडा आला की आधी सनावळ्या लिहू नका. टेबलावर तीन वस्तू मांडा: आजचा पेपर, पत्त्यांचा कॅट, भाड्याचा करारनामा. १७६५च्या स्टॅम्प कायद्याने ब्रिटनने आपल्या अमेरिकन वसाहतींत असल्या सगळ्यांवर कर बसवला होता. “पत्त्यांवरपण?” हमखास विचारतात. हो, फाशांवरसुद्धा!

मग कारण सांगा. १७६३ला संपलेल्या फ्रान्सबरोबरच्या युद्धाचं कर्ज ब्रिटनच्या डोक्यावर, पण लंडनच्या पार्लमेंटात वसाहतींचा एकही खासदार नाही. खरी ठिणगी ही. ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला, पुढच्याच वर्षी कायदा मागे. मग ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडने वसाहतींत येणाऱ्या मालावर लावलेले कर दोन वाक्यांत उरका. शेवटी चहावरचा तेवढा राहिला, एवढं पुरे.

इथे मात्र घाई नको. १७७३च्या चहा कायद्याने चहा उलट स्वस्त झाला. मग बोस्टनच्या लोकांनी तो बंदरात का फेकला? उत्तर पोरांकडूनच काढून घ्या. तो विकत घेणं म्हणजे कर मुकाट मान्य करणं, शिवाय तिथल्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय. १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात. चहा चीनचा, मालक ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे आपल्या फोर्टातलीच.

घरी एकच प्रश्न द्या: १९३०मध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर लोक का धावून गेले?