मिनिएचर वॉरगेमिंगकडे परतताय? आर्मी निवडताना या चुका टाळा

शाळा-कॉलेजात मिनिएचर (टेबलावर लढाई खेळायच्या छोट्या मूर्ती) रंगवणारा माणूस दहा-पंधरा वर्षांनी या छंदाकडे परततो, तेव्हा हातात पैसे पूर्वीपेक्षा जास्त असतात आणि वेळ फारच कमी. बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं. 2000 पॉइंट्सची आर्मी (खेळात प्रत्येक तुकडीची ताकद पॉइंट्समध्ये मोजतात) एका दमात घेतली जाते, आणि सहा महिन्यांनी पाहावं तर आठ मॉडेल रंगलेली, बाकी सगळी स्प्रूवरच, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीत येतात तिच्यावरच. म्हणून आर्मी ठरवताना पहिला हिशेब तासांचा करा.

तास न मोजता आर्मी ठरवणं

एक साधं पायदळी मॉडेल कापणं, साफ करणं, चिकटवणं, प्रायमर (रंगाआधीचा थर), रंग आणि बेस (पायाखालचा तळ), हे सगळं मिळून दोन तास धरा. वॉरहॅमर 40,000 या खेळात ऑर्क्स किंवा अ‍ॅस्ट्रा मिलिटारम ही आर्मी पायदळावर उभी केली, तर 2000 पॉइंट्सना शंभराच्या वर मॉडेल सहज लागतात. म्हणजे 200 तास. आठवड्याला चार तास मिळत असतील तर 50 आठवडे, तेही एकही आठवडा न चुकवता. अ‍ॅडेप्टस कस्टोडीज तेवढ्याच पॉइंट्सना तीसेक मॉडेलमध्ये उभी राहते.

फक्त कमी मॉडेल म्हणजे कमी काम, असं समजू नका. इम्पीरियल नाइटसारख्या मोठ्या मॉडेलच्या सपाट चिलखतावर ब्रशची प्रत्येक रेघ दिसते आणि एकेका नाइटला पंधरा-वीस तास सहज जातात. त्याचं चिलखत सांगाड्यावर लगेच चिकटवू नका. प्लेट वेगळ्या रंगवा, सांगाडा वेगळा रंगवा, मग जोडा. उलट क्रमाने गेलात तर आतल्या धातूच्या भागापर्यंत ब्रश पोहोचत नाही.

मोठी खरेदी करण्याआधी तीन मॉडेलची चाचणी घ्या. मनात असलेल्या आर्मीचा सगळ्यात छोटा पायदळी बॉक्स आणा. तीन मॉडेल बेससकट पूर्ण करा आणि घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा. तिसरं मॉडेल हातात घेताना कंटाळा आला, तर आर्मी बदलण्याआधी रंगसंगती बदलून पाहा. बऱ्याचदा खोट तिथेच असते. काळ्या प्रायमरवर पिवळा रंग चार-पाच हातांनीही नीट बसत नाही. तोच पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी थरावर दोन हातांत बसतो. पन्नास पिवळे सैनिक रंगवायचे असतील तर या एका निर्णयाने कित्येक रविवार वाचतात.

आजच्या ताकदीवर आर्मी घेणं

वॉरहॅमर 40,000 ची आठवी एडिशन (नियमांची आवृत्ती) 2017 मध्ये आली, नववी 2020 मध्ये, दहावी 2023 मध्ये. दहावी आली तेव्हा आधीचे सगळे कोडेक्स (एकेका आर्मीची पुस्तकं) नियमांपुरते बाद झाले. एडिशनच्या अध्येमध्येही पॉइंट्स वर्षातून अनेकदा बदलतात. त्यामुळे इंटरनेटवरची 'सगळ्यात भारी लिस्ट' पाहून बॉक्स आणले, तर रंगवून होईपर्यंत ती लिस्ट जुनी झालेली असते. ज्याचं रूप आणि खेळण्याची ढब आवडते, तीच आर्मी घ्या. आज दुबळी असलेली आर्मी पुढच्या बदलात सावरते, पण न आवडणारी मॉडेल रंगवायला हात पुढे होत नाही. जुना कोडेक्स स्वस्तात मिळाला तर चित्रांसाठी आणि कथेसाठी जरूर घ्या, खेळायला मात्र चालू एडिशनचाच लागेल.

जुनी आर्मी आहे तशी टेबलावर चालेल असं धरून चालणं

इथे सर्वात जास्त घोळ होतो. वॉरहॅमर फँटसी बॅटल हा चौकोनी बेसवरचा खेळ 2015 मध्ये थांबला आणि त्या जागी एज ऑफ सिगमार आलं, गोल बेसवर. मग जानेवारी 2024 मध्ये द ओल्ड वर्ल्ड आलं, पुन्हा चौकोनी बेसवर. पण बेसचे आकार आता बदललेत. एम्पायरचं पायदळ पूर्वी 20 मिमीच्या बेसवर असायचं, आता 25 मिमीवर असतं. ऑर्क 25 वरून 30 वर गेले. प्रत्येक मॉडेल उपटत बसू नका. आधी युनिटच्या (एकत्र हलणाऱ्या तुकडीच्या) तळाला घालायची वाढीव खाचांची मूव्हमेंट ट्रे किंवा बेसभोवतीची चौकट वापरून पाहा. मॉडेल तशीच राहतात आणि रांगेची रुंदी बरोबर येते.

स्केव्हन, लिझर्डमेन, डार्क एल्व्ह्ज किंवा व्हॅम्पायर काउंट्स असलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. ओल्ड वर्ल्डमध्ये या आर्म्यांना सुरुवातीला फक्त मोफत पीडीएफ मिळाली, पुढच्या पुस्तकांचा आधार नाही. स्केव्हन आणि लिझर्डमेन (आता नाव सेराफॉन) यांची नवी मॉडेल एज ऑफ सिगमारसाठी निघतात. कोणता खेळ खेळायचा हे ठरवल्याशिवाय नवा बेस चिकटवूच नका.

वॉरहॅमर 40,000 मधल्या स्पेस मरीनच्या जुन्या तुकड्या 25 मिमीच्या बेसवर आहेत, नव्या 32 मिमीवर, आणि 2017 नंतरचे प्रायमारिस (नव्या प्रकारचे स्पेस मरीन) उंचीलाही मोठे. एकाच युनिटमध्ये मिसळले तर जुने लहान भावंडांसारखे दिसतात. वेगवेगळ्या युनिटमध्ये ठेवले की डोळ्याला खटकत नाही. काही जुनी युनिट 'लीजेंड्स' या जुन्या मॉडेलच्या नियमयादीत गेली आहेत. मित्रासोबत ती खुशाल खेळा, स्पर्धेत बहुधा घेता येणार नाहीत.

जुना रंग काढताना मॉडेल खराब करणं

आधी मॉडेल कशाचं आहे ते ओळखा. धातू हातात जड लागतो. पॉलिस्टायरिन प्लॅस्टिक हलकं आणि कडक असतं. रेझिन ठिसूळ असतं आणि त्यात कधी बुडबुड्यांची भोकं दिसतात. अ‍ॅसिटोन धातूवर चालतं, प्लॅस्टिक मात्र त्यात विरघळतं. नेलपेंट रिमूव्हरमध्येही बहुधा अ‍ॅसिटोनच असतं. प्लॅस्टिकसाठी 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल झाकणाच्या डब्यात घ्या, मॉडेल काही तास ते रात्रभर बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. रेझिनचा एखादा फालतू तुकडा आधी बुडवून बघा, मऊ पडला तर थांबा. खाचांमध्ये उरलेल्या प्रायमरच्या डागांची चिंता नको, नवा थर ते झाकतो. फार जुन्या धातूच्या मॉडेलमध्ये शिसं असू शकतं. ती कोरडी घासू नका, काम झाल्यावर हात धुवा, लहान मुलांपासून दूर ठेवा.

सुपरग्लूने जोडलेले हात-पाय सोडवायचे असतील तर मॉडेल दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. गोंद ठिसूळ होतो आणि सांधा हलक्या पिळाने सुटतो. प्लॅस्टिक ग्लूने जोडलेला सांधा असा सुटणार नाही, कारण तो प्लॅस्टिक वितळवूनच जोडतो. याच कारणाने धातू आणि रेझिनवर प्लॅस्टिक ग्लू अजिबात धरत नाही. धातूचा जड हात वारंवार पडत असेल तर दोन्ही बाजूंना 1 मिमीचं भोक पाडा, मध्ये तारेचा तुकडा घाला आणि मग सुपरग्लू लावा.

स्प्रे प्रायमर खरखरीत येणं

पृष्ठभाग वाळूसारखा लागतो, त्याची दोनच मुख्य कारणं: फार लांबून मारल्याने रंग हवेतच वाळला, किंवा हवेत ओल जास्त होती. कॅन दोन मिनिटं हलवा, 20 ते 30 सेंमीवरून मारा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. दोन पातळ थर पुरतात. दमट दिवशी स्प्रेचा नाद सोडा आणि ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. रेझिनवर प्रायमर सोलून येत असेल तर मॉडेल धुतलेलं नाही. कोमट पाणी, भांड्यांचं साबण, टूथब्रश, मग पूर्ण वाळवणं.

कुणाशी खेळायचं ते न पाहता खरेदी

आधी समोरचा खेळाडू शोधा. जवळचे लोक काय खेळतात, किती पॉइंट्सचं खेळतात, ते विचारा. दहाव्या एडिशनच्या 2000 पॉइंट्सच्या खेळाला 60 गुणिले 44 इंचांचं टेबल आणि तीनेक तास लागतात. कॉम्बॅट पेट्रोल या त्याच्याच छोट्या प्रकाराला 44 गुणिले 30 इंच पुरतं आणि खेळ तास-दीड तासात आटोपतो. पण तो ठरावीक बॉक्समधल्या ठरावीक मॉडेलनीच खेळायचा असतो, त्यामुळे बॉक्सवरची यादी जुळवून बघा. मोजकीच मॉडेल हवी असतील तर किल टीम हा खेळ आहे. कुठल्याही कंपनीची जुनी मॉडेल वापरायची असतील तर वन पेज रूल्स या वेगळ्या नियमसंचाचे मूळ नियम मोफत मिळतात.

डोळे आणि उजेड

पूर्वी सहज दिसणारे बारीक तपशील आता धूसर दिसत असतील, तर दोष हाताला देऊ नका. जवळचा चष्मा तपासून घ्या. 5000 ते 6500 केल्विनचा दिवा ज्या हाताने रंगवता त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, म्हणजे ब्रशची सावली मॉडेलवर पडत नाही. डोक्याला लावायचं भिंग दीड ते दोनपट पुरे. त्याहून जास्त घेतलं तर मॉडेल नाकाशी धरावं लागतं आणि ब्रशला जागा उरत नाही.