बेळगाव भागात गाडी ठोकली तर काय काय करायचं

गाडी ठोकली की पहिली पाच मिनिटं डोकं चालतच नाही, म्हणून आत्ताच वाचून ठेवा. इंजिन बंद, हॅझार्ड लाइट चालू, आणि सगळ्यांना रस्त्याच्या कडेला घ्या, भांडण नंतर. निपाणी-संकेश्वर-काकती पट्ट्यात गाडीच्या मागं उभं राहून फोटो काढणारे लै बघितलेत, मागनं ट्रक येतोय याचं भानच नसतं, आणि उसाच्या सीझनात तर बिनलाइटच्या ट्रॉल्या असतात त्या वेगळ्याच.

कोण जखमी असेल तर १०८ नाहीतर ११२, नॅशनल हायवेवर १०३३ पण आहे. फोनवर आधी गावाचं नाव आणि कर्नाटकात की महाराष्ट्रात ते सांगा, कारण बाची सोडली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, चार पावलांत राज्य बदलतंय. चोर्ला घाटात बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते, तिथं गाडीला हात करून कणकुंबी नाहीतर जांबोटीला निरोप पाठवा. कुणी मदतीला थांबलं तर त्याच्यावर नाव सांगायची सक्ती नाही, तसा कायदाच आहे, लोकांना माहीत नसतं म्हणून घाबरून निघून जातात.

दवाखान्यात पैशाचं बोलणं निघालं तर कॅशलेस योजनेत आहे का विचारा. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार मिळतो, पण योजनेतल्या दवाखान्यातच.

आता पोलीस. सीमेजवळ अपघात झाला की "आमची हद्द नव्हे" हे ऐकायला मिळतंच, मला पण मिळालंय. तेव्हा वाद न घालता झीरो एफआयआर घ्या म्हणायचं, हद्द कुठलीही असो, घ्यावी लागते. जमाव अंगावर आला म्हणून तुम्ही तिथनं निघालात तरी लगेच जवळचं ठाणं गाठा, २४ तासांच्या आत कळवलंच पाहिजे.

सगळ्यात मोठी भानगड पुढं आहे. बोलणं मराठीत होतं आणि लिहिणं कन्नडात. माझ्या तक्रारीत 'एड'च्या जागी 'बल' पडलं, म्हणजे डावीची उजवी झाली, आणि मी "हो हो" म्हणत सही केली, हे कळलं कधी तर इन्शुरन्सवाल्यानं कागद परत पाठवल्यावर. म्हणून कन्नड वाचणारा कोणतरी, शेजारचा पोरगा का असेना, सोबत न्या, वाचून घ्या, मग सही, आणि कॉपी फुकट मिळते ती मागूनच उठा.

समोरचा "जाऊ दे की, इथंच मिटवू" म्हणाला तर फक्त पत्रा वाकला असेल तरच मिटवा, कोणाला लागलं असेल तर अजिबात नाही. नुकसानभरपाईची केस अपघातापासून सहा महिन्यांत टाकायची असते, आणि अपघात महाराष्ट्रात झाला तरी तुम्ही राहता तिथं, म्हणजे बेळगावात, टाकता येते, दर तारखेला तिकडं पळायची गरज नाही.

इन्शुरन्सला त्याच दिवशी फोन करा. दोन्ही गाड्यांचे नंबर, केए २२ असो नाहीतर एमएच ०९, ब्रेकच्या खुणा, समोरच्याचं लायसन, सगळ्याचे फोटो काढा. सर्व्हेअर बघेपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका. आणि क्रेनवाल्याला हूक लावायच्या आधीच रेट विचारा, एकदा गाडी उचलली की तो म्हणेल तोच भाव.