खोटं बोट बनवा आणि स्क्रीन तपासा

ॲप झालं की मित्रांच्या हातात फोन देऊन "बघ रे जमतंय का" विचारणं ठीकच आहे, पण मित्र गोडच बोलतात. त्याआधी कोडमध्ये एक खोटं बोट बनवा आणि त्याला हजारो वेळा बटण दाबायला लावा, जेमतेम पायथन येत असलं तरी जमतं.

सुरुवात फिट्सच्या नियमाने. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सने 1954 मध्ये मांडला, बटण जितकं दूर आणि बारीक तितका पोचायला वेळ जास्त. अंतर भागिले रुंदी, त्यात 1 मिळवा, 2 च्या पायाचा लॉग घ्या. 6 मिमीचं बटण 90 मिमीवर असेल तर 4 बिट येतात (बिट म्हणजे इथे अवघडपणाचं माप), 42 मिमीवर आणलं की 3. एका बिटला किती मिलिसेकंद ते आपल्याच फोनवर टॅप रेकॉर्ड करून काढा, माऊसचा आकडा अंगठ्याला चालत नाही.

आता खरी मजा. बोट बरोब्बर मध्यावर कधीच पडत नाही, म्हणून प्रत्येक टॅपला नॉर्मल डिस्ट्रिब्युशनमधून (लहान चुका जास्त, मोठ्या कमी) रँडम चूक द्यायची. समजा आडव्या दिशेत 2 मिमी स्टँडर्ड डेव्हिएशन (टॅप मध्यापासून साधारण किती विखुरतात ते) धरलं, तर 6 मिमीच्या बटणावर शंभरातले 13 टॅप बाहेर जातात आणि 9 मिमी केलं की 2-3 च. अँड्रॉइडवाले 48 डीपी (स्क्रीनवरचं मापाचं एकक) म्हणजे साधारण 9 मिमी सांगतात ते उगाच नाही.

पण नुसते चुकलेले मोजू नका, गेले कुठे ते बघा. रिकाम्या जागेत गेला तर माणूस परत दाबतो, विषय संपला. 6 मिमीच्या 'पैसे भरा'ला 'रद्द करा' चिकटून असेल तर शंभरातले 6-7 टॅप थेट रद्दवर जातात, मधे फक्त 2 मिमी फट सोडा, हजारातले 6 उरतात!

डेस्कटॉपवर होव्हर मेनू (कर्सर वर नेला की उघडणारा) असेल तर कर्सरचा रस्ताही लागतो, त्याला फ्लॅश आणि होगन या संशोधकांचं 1985 चं मिनिमम जर्क (कमीत कमी झटके) मॉडेल वापरा, त्यात कर्सर हळू सुटतो, मधे वेग घेतो, शेवटी मंदावतो. मुजोको या फिजिक्स सिम्युलेटरमध्ये स्नायूंसकट अख्खा हातही बनवता येतो, पण साध्या फॉर्मसाठी कशाला तो खटाटोप.

सेकंदांचे आकडे शब्दशः घेऊ नका, दोन डिझाईनची तुलना करायला वापरा. आणि या बोटाला वाचता येत नाही हं, लेबल गोंधळाचं असेल तर त्याला माणूसच लागणार. शेवटी एसटीत उभ्याने फोन वापरणाऱ्यासाठी चूक दुप्पट करून एकदा रन करा, 9 मिमीच्या बटणावरही शंभरातले 26 टॅप बाहेर पडतात.