पंपाची टाकी आजच रिकामी करा

मृगात पेरलेलं सोयाबीन आता महिन्याच्या घरात येतंय आणि चक्री भुंग्याचे दिवस तोंडावर आलेत. कोणतं औषध मारायचं, हे सगळे विचारतात. मी त्याआधी दुसरंच विचारतो: तुमचा पावर पंप, म्हणजे पेट्रोल इंजिनावरचा फवारणीचा पंप, शेवटचा कधी सुरू केला होता?

बहुतेकांचं उत्तर एकच असतं. तुरीला किंवा हरभऱ्याला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. त्या संध्याकाळी अर्धी टाकी पेट्रोल तसंच ठेवून पंप आखाड्यावर खुंटीला अडकवला, तो अजून तिथंच आहे. मधे मराठवाड्याचा एप्रिल-मे गेला. पत्र्याच्या शेडात माणूस दहा मिनिटं बसू शकत नाही, त्या उकाड्यात हे पेट्रोल शिजलं. तेच पेट्रोल घेऊन तुम्ही भुंग्याशी लढायला निघणार आहात.

आपली काळी जमीन. पाऊस झाला की दोन-तीन दिवस रानात पाय घालता येत नाही. मग वापसा येतो, उघडीप मिळते, तीही कधी दीड दिवसाची. चक्री भुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन चकत्या पाडते आणि मधे अंडं घालते. अंडी फुटून अळी खोडात शिरली की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे जे करायचं ते त्या दीड दिवसात. गेल्या खरिपात आमच्या शिवारात त्याच दीड दिवसात तिघांचे पंप बंद पडले. तिघंही तालुक्याला मेकॅनिककडे रांगेत बसले. पंप हातात आले तेव्हा आभाळ परत भरून आलं होतं, नंतर आठवडाभर रानात जाता आलं नाही. वाळलेले शेंडे धुऱ्यावरून दिसत होते. तिन्ही पंपांत बिघाड एकच होता, जुनं पेट्रोल.

आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं, मक्याचं. मोटरसायकलीत ते रोज जळून जातं, त्यामुळे तिथं फार कळत नाही. पावर पंपाचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल कालवून चालणारं; त्याच्या छोट्या टाकीत ते महिनोन् महिने पडून राहतं, तिथं त्याचा गुण दिसतो. इथेनॉल पाणी ओढतं. हवेतला दमटपणा, सैल टोपणातून गेलेलं पावसाचं पाणी, ओलं नरसाळं, सगळं ते धरून ठेवतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, पेट्रोल वर राहतं. आपण घातलेलं टू-टी ऑइल जातं वरच्या पेट्रोलबरोबर. टाकीची नळी मात्र तळातून ओढते. इंजिन चालू झालंच तर त्याच्या पोटात बिनतेलाचं पाणी जातं आणि पिस्टन घासतो. त्या तिघांपैकी एकाचं तसंच झालं, ओरखडे सिलिंडरच्या भिंतीवर बोटाला लागत होते.

थर पडला नाही तरी उन्हात पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट डिंकासारखा लेप राहतो. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक, सुईच्या टोकाएवढं, ते बुजायला कितीसा लेप लागतो?

म्हणून आज एवढं करा. टाकीतलं पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओता आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर किंवा पाण्याचे थेंब दिसले, रंग काळपट झाला असेल, वास आंबूस किंवा वार्निशसारखा येत असेल, तर ते इंजिनात जाता कामा नये. वासाचा हा अंदाज माझा, पुस्तकातला नाही, पण अजून चुकलेला नाही. थंड पेयाच्या बाटलीत कालवून कोपऱ्यात ठेवलेलं पेट्रोलही याच हिशेबात धरा. माझा नियम असा की कालवलेलं पेट्रोल पावसाळ्यात तीन आठवड्यांपेक्षा जुनं वापरायचं नाही. जुनं विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. गंजलेले नट-बोल्ट, वखराची पास धुवायला ठेवा, चुलीपासून आणि लेकरांपासून लांब.

मग टाकी ताज्या पेट्रोलने खंगाळा, नळीच्या टोकाची जाळी धुवा, कडक झालेली नळी बदला. कार्बोरेटर खोलता येत असेल तर ताज्या पेट्रोलने धुऊन जेटमधून हवा मारा. तार घालू नका, भोक मोठं होतं आणि पंप कायमचा पेट्रोल खातो. ब्रश कटरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) कार्बोरेटरमध्ये बहुधा रबरी पडदा असतो. तो कडक होऊन कुरकुरीत झाला असेल तर धुऊन उपयोग नाही, पडदा आणि गॅस्केट नवं टाका.

इथंच दुकानदाराचा डाव असतो. "कार्बोरेटर गेला, आख्खा बदलावा लागेल," किंवा "आता हा पंप राहू द्या, नवा घेऊन जा, वर टॉनिक फ्री." मला स्वतःला एका दुकानात असाच नवा कार्बोरेटर गळ्यात घातला होता. जुना घरी आणून धुतला, तो पुढं दोन हंगाम चालला. पेट्रोलमध्ये घालायच्या रंगीत बाटल्यांनाही हेच लागू. त्यांनी बिघडलेलं पेट्रोल परत ताजं होत नाही, आणि टाकी रिकामी करायला पैसे लागत नाहीत.

दोरी ओढूनही सुरू होत नसेल, तर खांदा निखळेपर्यंत ओढत बसू नका. आठ-दहा वेळा ओढली की प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही: नळी, जाळी, जेट. ओला असेल तर एक तर चोक देऊन देऊन बुडवलंय, नाहीतर ठिणगी नाही. प्लग पुसा, स्विच बंद ठेवा, प्लगविना चार-पाच वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर जाऊ द्या. ठिणगी बघताना सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, प्लग टोपीत घालून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब धरा, मग स्विच चालू करून ओढा. निळी ठिणगी हवी. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असेल तर इंजिन ठीक आहे, काळं-तेलकट असेल तर ऑइल जास्त किंवा फिल्टर बुजलेला, पांढरट असेल तर पेट्रोल कमी पोचतंय आणि इंजिन तापतंय.

चोकवर चालतो, चोक काढला की मरतो, याचा अर्थ जेट अर्धं बुजलंय. दहा मिनिटं चालून बंद पडतो, तर टाकीचं टोपण सैल करून बघा. चालला, तर टोपणाचं हवेचं भोक मातीने बंद झालंय. सुरू होतो पण जोर नाही, तर सायलेन्सरमधला कार्बन बघा. आणि हो, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर आहे का ते आधी बघा. हसू नका, पंख्याच्या जाळीमागं उंदराचं घरटंही मी काढलंय.

ऑइलचं प्रमाण पंपाच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच धरा. १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली, १:४० म्हणजे २५ मिली, १:५० म्हणजे २० मिली. टोपणाने अंदाज नको, दवाखान्यातली सिरिंज किंवा खुणेचं माप घ्या. वेगळ्या डब्यात पेट्रोल-ऑइल हलवून मगच टाकीत. मोटरसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल चालत नाही. सालगडी घाईत गाडीचं कोरं पेट्रोल ओततो, म्हणून कालवलेल्या डब्याला लाल चिंधी बांधा. जास्त ऑइलने इंजिन सुखी होत नाही, कार्बन धरतं.

बाकी नेहमीचं:
– एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून
– प्लगचं अंतर ०.६ ते ०.७ मिमी, पुस्तिकेत वेगळं असेल तर तसं
– पंख्याच्या पाती आणि सिलिंडरच्या फिनमधली माती
– नट-बोल्ट, पट्टे, दोरी
– औषधाची टाकी, नोझल, नळ्या स्वच्छ पाण्याने
– गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही

औषधाच्या मात्रेत दरवर्षी घोळ होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याखाली ओळ असते की मात्रा साध्या (बिनइंजिनाच्या) पंपाची आहे, पावर पंपाला तिप्पट करा. ती तिप्पट दहा लिटर पाण्यामागे, एकरामागे नव्हे. धुक्यासारखा फवारा मारणारा पंप पाणी साधारण तिसरा हिस्सा घेतो, म्हणून पाण्यातली मात्रा वाढते. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे कीटकनाशक साध्या पंपाला १० लिटरला ३ मिली, म्हणजे एकराच्या २०० लिटरला ६० मिली. एकरी ६० मिलीच जायला हवं, पंप कोणताही असो. तुमचं इंजिन टू-स्ट्रोक असून पाणी साध्या पंपाएवढंच लागत असेल तर तिप्पट करू नका, औषध आणि पीक दोन्ही जाईल. आधी नुसतं पाणी मारून एकरी किती टाक्या लागतात ते मोजा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क मारायचा असेल तर फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल बसलंच. आणि तोंडाला मास्क, हातात मोजे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलंय.

आमच्याकडे जुने लोक म्हणतात, अमावस्येच्या आगेमागे कपाशीवर अंडी जास्त पडतात. मी ते मानतो, पंचांग बघून दोन दिवस आधी पंप पाच मिनिटं चालवून ठेवतो. अंडी नाही पडली तरी पंप तयार राहतो.

या हंगामात रोजची फवारणी संपली की पेट्रोल डब्यात परत काढा, इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमधला थेंबही जळतो. हंगामाच्या शेवटी पंप ठेवताना प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल घालून दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. खुंटीवर टांगायचाच असेल तर टाकी उघडून आत बॅटरी मारून बघा, आणि कोरडी दिसली तरच टांगा.